सकाय म्हणजे उद्या

ज्या चुकीपायी आप्पांची नोकरी गेली, ती चूक माझी होती. त्यांची नव्हती. एवढं लिहायला मला नऊ वर्षं लागली, आणि मी पोटासाठी वाक्यंच लिहितो.

आप्पा म्हणजे नंदुरबारातल्या आमच्या चारपानी दैनिकाचे ऑपरेटर. बातम्या टाइप करायच्या, पानं लावायची. त्याआधी त्यांनी अर्धं आयुष्य छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते, म्हणून कीबोर्डवरही ते एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं टाइप करत. संगणकासमोर बसण्याआधी चपला दाराबाहेर काढत. आम्ही चिडवायचो, "आप्पा, हाई काय देऊळ शे का?"

"देऊळमा चपला चोरीले जातस," ते म्हणत. "आठे बठ्ठा बातम्या चोरनारा शेतस. चपलासले हात लावतस नही."

सात वाजता पान प्रेसला सोडावं लागे. साडेसहाला मी कोऱ्या कागदापुढे बसलेलो असे. माहितीने वही भरलेली, पण "नंदुरबार (प्रतिनिधी) :" एवढं लिहिलं की पेन थांबायचं. तुमच्यापैकी जे रोजच्या रोज लिहितात त्यांना हे ठाऊक असेल. वेळ जसजशी कमी होते, तसतसं साधं वाक्यही जड होत जातं. खोडलेल्या कागदांचे बोळे माझ्या पायाशी जमायचे.

मग आप्पा चष्मा कपाळावर सरकवत. माझ्याकडे मात्र बघत नसत. अडलेल्या माणसाकडे बघितलं की तो आणखी अडतो, हे त्यांना कळत असावं. स्क्रीनकडे तोंड ठेवूनच म्हणत, "कागद ठेव. घर जाईसन बायकोले सांगस ना, तसं सांग. काय व्हयनं?"

मी अहिराणीत सांगायला लागे. थांबलो की ते म्हणत, "मंग?" पुन्हा थांबलो की पुन्हा, "मंग?" मी घरच्या बोलीत बोलत राही आणि त्यांच्या बोटांखाली ती शाळेतली मराठी होऊन उतरत जाई. वीस मिनिटांत बातमी तयार. खाली नाव माझं.

अशाच एका बातमीबद्दल माझा सत्कार झाला, तेव्हा मी शाल घेऊन थेट ऑफिसात आलो होतो. आप्पांनी ती दोन बोटांत धरून पाहिली. "गरम शे," म्हणाले. "थंडीमा कामले ई." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता तो दिवस सांगतो. मिरचीचा हंगाम होता, गावभर शिंका चालू होत्या. मार्केटमध्ये हमाल आणि व्यापाऱ्यांची बैठक दिवसभर चालली आणि फिसकटली. दुसऱ्या दिवशी हमालांचा बंद ठरला. मी परत आलो तेव्हा सात वाजायला फार वेळ उरला नव्हता आणि हात हलेना. आप्पा म्हणाले, सांग. मी सांगत गेलो. शेवटी म्हणालो, "नी सकाय मार्केट बंद ऱ्हाई."

आमच्या बोलीत सकाय म्हणजे सकाळही आणि उद्याही. आप्पांची बोटं थांबली. "सकाय म्हंजे सकाळपुरतं, का बठ्ठा दिन?"

तेवढ्यात माझा फोन वाजला होता आणि मी त्यावर बोलत होतो. पण त्यांचा प्रश्न मी ऐकला होता. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ऐकला नव्हता. मी हात झटकून म्हणालो, "हां, हां, तेच. सोडा आते पान." दिवसभर नव्हे, सकाळपुरताच बंद असं धरून त्यांनी टाइप केलं. प्रूफ काढून माझ्यापुढे ठेवलं. मी न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्केटच्या बंद फाटकासमोर ओल्या मिरचीच्या टेम्पो-ट्रॅक्टरांची रांग लागली. एक शेतकरी आमचा अंक घेऊन ऑफिसात आला. "सकाळ गई, दुपार उनी," तो म्हणाला. "मंग फाटक का बरं उघडत नही?" त्याच्या बाहीला मिरचीचा लाल रंग लागला होता. माल उन्हात तापत होता.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. तेव्हा ते मला बढती द्यायच्या विचारात होते आणि मला ते माहीत होतं. मी म्हणालो, "मी 'उद्या' असंच सांगितलं होतं. टाइप करताना 'सकाळी' झालं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आपण विचारलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या सहीचं प्रूफ मागच्या फायलीत होतं, तेही काढलं नाही. मालक म्हणाले, "आप्पा, उद्यापासून येऊ नका." या 'उद्या'चा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. आप्पांनी दाराबाहेर जाऊन चपला घातल्या.

अंकातली दिलगिरी मलाच लिहायची होती. "टंकलेखनातील नजरचुकीमुळे..." आयुष्यात इतक्या झरझर मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

त्यानंतर आप्पा तहसील कचेरीजवळच्या एका टपरीत लोकांचे अर्ज टाइप करत. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं. ऑफिसात अडलो की नव्या ऑपरेटरला म्हणायचो, "मी सांगतो, तू ऐक." तो म्हणायचा, "सर, मेल करा ना." आप्पांना पत्र लिहायचा प्रयत्न मी किती वेळा केला, त्याचा हिशेब नाही. "आप्पा," एवढं लिहून थांबायचो.

गेल्या महिन्यात त्या टपरीवाल्याने फोन करून सांगितलं, आप्पा कायमचे मुलीकडे सुरतेला निघालेत, आज दुपारच्या गाडीने. मी तसाच स्टेशनवर गेलो. ते बाकावर बसले होते, अंगाने निम्मे झालेले. मी वाकून बोलायला लागलो, तर त्यांच्या मुलीने हलकेच थांबवलं. "काका, बाबांना आता ऐकू येत नाही. यात लिहून दाखवा." तिने एक वही आणि पेन पुढे केलं.

गाडी येत असल्याचं भोंग्यावर सांगत होते. वही गुडघ्यावर घेऊन मी लिहिलं, "आप्पा, त्या वेळी झालेल्या चुकीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे."

त्यांनी ते वाचलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "झालेली? आपोआप व्हयनी का ती? कोनी करी?"

फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. गाडी दिसू लागली होती, मुलीने पिशवी उचलली होती. आप्पांनी वही माझ्याकडे परत सरकवली. आयुष्यभर अहिराणी बोललो, पण लिहिली कधीच नव्हती. त्या वाक्याखाली लिहिलं :

"मी करी. तुम्ही इचारं व्हतं, मी आयकं भी व्हतं. तरी तुमनं नाव पुढे करं. आप्पा, माले माफ करा."