मिठाची गाडी

भिजल्या गोणपाटाचा वास आला की मला कल्याण स्टेशनाबाहेरची ती दुपार आठवते. बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी मुरबाडच्या वाटेवरच्या तिच्या माहेरी पोहोचवायला निघालो होतो. पुढे जायला एकच टांगा, आणि त्याचा नेहमीसारखाच पत्ता नव्हता. कधी चाक मोडलेलं, कधी घोडा लंगडा. ताटकळता ताटकळता तिला तिथेच कळा सुरू झाल्या. आभाळ अवेळी भरून आलेलं. इतक्यात बैलगाडीत मिठाच्या गोण्या घेऊन बंदराकडून आलेलं एक आगरी जोडपं थांबलं. "पोरीला कला येतान, न तू टांग्याची वाट बगतंस?" असं म्हणत त्या बाईने नवऱ्याला हाक दिली, दोघांनी सगळ्या गोण्या रस्त्याकडेला उघड्यावर उतरवल्या आणि हिला गाडीत गोणपाटावर निजवलं. "अहो, पाऊस आला तर तुमचं मीठ?" मी विचारलं. तिने ऐकलंच नाही. वाटेत सरी कोसळल्याच. संध्याकाळी माहेरी पोहोचलो आणि सासूबाईंच्या हातात मुलगी आली, दोघी सुखरूप. मी हात जोडून मिठाबद्दल बोलू लागलो, तर ती बाई हसून म्हणाली, "मीठ काय, परत पिकंल." त्या लेकीला आता लेक झाली आहे. परवा बारशाला पाळणा हलला, तेव्हा मी मनातल्या मनात त्या दोघांना नमस्कार केला.