वहीतलं फाडलेलं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि ज्यांच्यापाशी आधी बोलायला हवं होतं — त्यांना तर सगळं ठाऊकच आहे. म्हणूनच भीती वाटते.

सुरुवात माझ्या डोक्यापासून करते. अकरा वर्षं झाली, ते दुखतंय. पोलाद प्लांटच्या वस्तीत, कॅम्प-1 मध्ये, घरीच मी ब्लाउज शिवते, दिवसभर मान मशीनवर वाकलेली. दुपारपर्यंत दुखणं मानेतून वर चढतं आणि कपाळाभोवती कुणी मापाची टेप आवळून धरल्यासारखं होतं. ताप नाही, उलटी नाही, दिसत काहीच नाही. मग लोकांना नाटक वाटणारच की! सासूबाई म्हणायच्या, "कामाच्या वक्ताले बरं दुखते इचं डोस्कं." मी गोळ्या खात गेले — इतक्या, की पुढे गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागलं.

मग शेजारच्या दुर्ग शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. ताणाचं दुखणं आहे, म्हणाल्या, जीव घेणार नाही, पण सोबतही सोडणार नाही. गोळ्या कमी करा, तासातासाला मान मोकळी करा, झोप वेळेवर, आणि एक वही ठेवा. कधी दुखलं, कुठे, कशानं, सगळं लिहा. शेवटी ताकीद दिली : कधी एकाएकी, पूर्वी न झालेलं असं दुखलं, उलटी झाली, तर पडून राहायचं नाही, थेट मोठा दवाखाना गाठायचा. हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं. लाल पेननं.

त्या वहीनं मला घरात मान मिळवून दिला, खोटं कशाला बोलू? मी वही उघडली की टीव्ही बंद व्हायचा. शेजारणी डोकं धरून माझ्याकडे सल्ल्याला यायच्या. डोकेदुखी म्हटलं की मी — हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

माझे पती प्लांटमध्ये क्रेन चालवतात... चालवायचे. कधी साधी सर्दीही व्हायची नाही त्यांना. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी दुपारी फर्स्ट शिफ्ट करून आले, दारातच ओकले आणि डोकं धरून खाली बसले.

"मागून कोणी घन घातल्यावाणी झालं वं. असं कधीच नाही झालं मले."

मला काय वाटलं असेल त्या क्षणी? काळजी? नाही. राग आला. माझी नऊ वर्षं एकीकडे, आणि यांच्या एका दुपारसाठी सासूबाई पाणी घेऊन धावत होत्या!

"टेन्शनचं आहे," मी म्हटलं. "माही गोळी घ्या अन् पडून राहा."

"तुह्यासारखं नाही वाटून राहिलं हे."

"डोक्याचं मले समजते."

त्यांनी ऐकलं. डोक्याच्या बाबतीत घरात सगळेच माझं ऐकायचे. लाल अक्षरं मला आठवली नव्हती का? आठवली होती. मी वही उघडली नाही, एवढंच.

मंगळवारभर ते अंधाऱ्या खोलीत पडून होते. बुधवारी सकाळी बोलताना जीभ अडखळली, उजवा हात लुळा पडला. दवाखान्याचे कागद काढायला मी कपाट उघडलं, तर वर माझी वही. आत माझ्या नोंदींखाली त्यांचं अक्षर : 'सोमवार. एकदम दुखलं. उलटी. मंगळवार. मान वळत नाही. हिले दोनदा सांगतलं. टेन्शन म्हणते.'

मी ते पान फाडलं. खाली रिक्षा उभी होती, तरी तेवढं करायला मला वेळ मिळाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सिरदर्द कब से है?"

"आज सुबह से," मी म्हटलं.

ते स्ट्रेचरवर होते. डोळे उघडे होते, माझ्याकडे लागलेले.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. ते दोन दिवस वाया गेले नसते तर काय झालं असतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल ना!

आता ते घरीच असतात. समजतं सगळं, पण जीभ वळत नाही. आल्यागेल्याला सासूबाई सांगतात, "सूनबाईनं पळापळ केली म्हनून वाचला माहा पोरगा." मी खाली मान घालून काजं करत राहते. डोकं आता रोजच दुखतं. मी ते लिहीत नाही, कुणाला सांगतही नाही.

व्यायाम शिकवायला जे येतात त्यांनी यांना डाव्या हातानं अक्षरं गिरवायला सांगितलं. मी बाजारातून नवी वही आणली. यांनी ती सरकवून दिली आणि कपाटाकडे बोट केलं. जुनी काढून दिली, तेव्हा फाटलेल्या पानाच्या कडेवरून त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. मग पुढच्या पानावर रेघा ओढायला घेतल्या.

महिनाभर नुसत्या रेघा आणि गोळे होते. आता अक्षरं जुळायला लागलीत. म्हणून तर बोलतेय मी — पश्चात्तापानं नाही. त्यांचं लिहून होण्याआधी.

काल पानाच्या वरच्या कोपऱ्यात वाकडंतिकडं 'सोम' उमटलं आणि शिसं मोडलं. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी टोक काढून दिलं.