गप्पीची बाळंतपणं

यवतमाळच्या त्या वस्तीत इंदूबाईला तोंडावर कोणी काही म्हणत नसे. पाठीमागे मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की दोन लेकरं खाऊन बसलेली बाई आहे ही. लोकांना बोलायला काय लागतं! दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली, दोघांनाही तिनं स्वतःच्या पदरात गुंडाळून पुरायला दिलं, आणि खाल्ली म्हणे तिनंच. आता तिसऱ्या खेपेला तिला सातवा महिना होता आणि सासूनं, रुखमाबाईनं, निकाल देऊन टाकला होता. मूल जन्मलं की ते इंदूजवळ ठेवायचं नाही. सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे घरामागच्या उकिरड्यावर ठेवायचं आणि राळेगावला दिलेल्या लेकीनं, वच्छलानं, ते उचलून आपलं म्हणून न्यायचं. फेकलेल्या लेकराकडे मरण वळून पाहत नाही, असा त्यामागचा हिशेब.

"बुद्धाची दीक्षा घेतली तवा हे सारं सोडलं म्हणे ना आपण?" इंदूनं एकदाच विचारलं.

"देव सोडले. लेकरं नाही सोडली," रुखमाबाई म्हणाली. "माहा बळीराम कसा जगला? मीनं उकंड्यावर ठेवला, जावेनं उचलला. म्हणून आजबी मले काकी म्हणते. म्हणू दे. जिता हाय ना!"

बळीराम, तिचा नवरा, सख्ख्या आईला खरोखरच काकी म्हणायचा. या निकालाला त्याचाही विरोध नव्हता. इंदूला पोटातलं लेकरू हलल्याचा आनंद व्हायचा आणि लगेच धस्स व्हायचं. जितके दिवस ते पोटात, तितकेच दिवस ते तिचं.

हे १९६२ सालचं. बळीराम हिवतापाच्या खात्यात फवारणीवर होता. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे विहिरींत सोडायचं काम निघालं, तेव्हा साहेबांनी त्याला एक जोडी घरी वाढवायला दिली. सोबत तडा गेलेली काचेची पेटी. त्यानं तडा डांबरानं बुजवला आणि पेटी बाहेरच्या खोलीत लाकडी खोक्यावर ठेवली. नर इवलासा, रंगीत शेपटीचा. मादी मळकट, पण पोट हे एवढं. ही मासोळी अंडी घालत नाही, जिती पिलं देते, हे ऐकून अख्खी वस्ती पेटी पाहायला येऊन गेली.

"पिलं झाली का मादीले गुंडात काढजो," दौऱ्यावर निघताना बळीराम सांगून गेला. "नाहीतर खाते म्हणतात."

पिलं झाली. बाभळीच्या काट्याच्या टोकाएवढी, नुसते दोन डोळे आणि शेपटी. इंदूनं पाणी भरायचा पितळी गुंड धुऊन आणला, मादीकडे पाहिलं आणि तिचा हात काही पुढे होईना. ओल्या बाळंतिणीपासून लेकरं कोण काढतं? तिनं नराला तेवढं गुंडात काढलं आणि माय-लेकरं राहू दिली. घरच्या रीतीप्रमाणे बाळंतिणीला पहिले दिवस खायलाही घालायचं नव्हतं. अन्न दिलं तर पोट सुटतं, ही रुखमाबाईची शिकवण. इंदूनं मासोळीचंही सारं तसंच केलं. पीठ नाही, काही नाही. पेटी स्वच्छ, मोकळी, आत नुसतं पाणी.

तिसऱ्या सकाळी पाण्यात एकटी मादी फिरत होती.

रुखमाबाई मागं येऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तिचीबी जात तुहीच."

इंदू त्या दिवशी जेवली नाही. बळीराम आला, चिडला, साहेबांना काय सांगू म्हणाला. पण तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. ही मासोळी वाईट आहे, की हिच्यावर काही वेळ आली होती?

नराला परत पेटीत सोडलं होतं; महिन्याभरानं मादी पुन्हा फुगली, तशी इंदूनं त्याला पुन्हा गुंडात काढलं. इंदूचे स्वतःचे पाय सुजलेले, तरी ती नाल्यावर गेली आणि पाण्यातलं हिरवं गवत ओंजळी भरभरून आणलं. धुऊन पेटीत इतकं सोडलं की मासोळी दिसेनाशी झाली. मग मादीला खायला घालायला सुरुवात केली. बारीक पीठ, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात चुरून, रांजणातल्या डासांच्या अळ्या. उरलेलं लगेच काढून घ्यायचं, नाहीतर पाणी नासतं.

"या खेपेले तरी काढून घे तिले," बळीराम म्हणाला.

"नाही काढत."

"आन् खाल्ली तं?"

"खाल्ली तं वच्छलाले बोलवा," रुखमाबाई चुलीपासून म्हणाली. "मंग हिनं तोंड नाही उघडायचं."

"नाही उघडत," इंदू बोलून गेली. पोटचं लेकरू तिनं एका माशाच्या तोंडी दिलं होतं.

पिलं भर दुपारी झाली. बळीराम कामावर. इंदू पेटीसमोर बसली, आणि जरा वेळानं रुखमाबाईही येऊन बसली. एक पिलू गवतातून बाहेर आलं. मादी वळली, त्याच्या मागं गेली. इंदूनं पदर तोंडात कोंबला. मादीनं तोंड उघडलं, पिलू गवतात शिरलं, मादी तिथं थबकली आणि काचेवर चिकटलेला बलक टोचत निघून गेली. असं कितीदा तरी झालं. एकदा मात्र मादीनं पिलू गाठलं आणि गिळलं. इंदूच्या तोंडून आवाज फुटला. रुखमाबाई काही बोलेल म्हणून ती मान खाली घालून बसली, पण सासू काचेला नाक लावून तशीच पाहत राहिली.

संध्याकाळी गवतात पिलंच पिलं होती. त्यांच्यामधून मादी संथ फिरत होती.

"पोट भरेल हाय तिचं," रुखमाबाई हळूच म्हणाली. "मांगच्या टायमाले भुकेली होती ते."

इंदूचं खूप दिवसांचं दुखणं एकदम वर आलं. "मीबी भुकेलीच होती, आत्याबाई. दोन्ही टायमाले. लेकरू वरडत होतं आन् मले दूधच नव्हतं. तुमी मले नुसतं गुळाचं पाणी देत होत्या."

रुखमाबाई उठून आत गेली. तिनं निकाल फिरवला नाही. दोनच दिवसांनी वच्छला राळेगावहून एसटीनं आली ती नवं सूप घेऊनच.

इंदूला मुलगा झाला. सुईणीनं नाळ कापली, लेकरू पुसून फडक्यात गुंडाळलं. वच्छलानं सूप पुढं केलं. इंदूनं डोळे मिटून घेतले. लेकरू रडत होतं आणि तो आवाज दाराकडे जाईल, याची ती वाट पाहत होती. आवाज गेला नाही. तो जवळ आला आणि रुखमाबाईनं लेकरू तिच्या छातीशी ठेवलं.

"माय, सूप?" वच्छला म्हणाली.

"ने घरी. जवारी पाखडजो त्यात." रुखमाबाई म्हणाली. "हा हिलेच माय म्हणल. हिची माह्यावानी काकी नाही करायची मले."

मग ती आत गेली आणि गरम भाकर, वरण आणि तुपाची वाटी असं भरलेलं ताट घेऊन आली. पहिल्याच दिवशी. सुईण काही बोलायला गेली, तर रुखमाबाईनं तिला हातानंच थांबवलं.

"खाय," ती सुनेला म्हणाली.

इंदू रडत रडत जेवली, आणि ताट रिकामं होईपर्यंत रुखमाबाई समोरून उठली नाही.