शेपटीला लिंबू-मिरची

साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीसमोरचं मैदान रिकामं पडलं, तेव्हा आमचा रिमोटच्या विमानांचा क्लब सुरू झाला. एरवी गाळपाच्या दिवसांत तिथे उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागायची. पण लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला, केजच्या बाजूचा होता नव्हता तो ऊस मैदानालगतच्या चारा छावणीतल्या जनावरांच्या पोटात गेला आणि आमच्या सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं. पगार अर्धा, काम काहीच नाही. मैदान मात्र आयतं मिळालं.

आम्ही पाच जण. सगळे सहकारात मुरलेले, त्यामुळे विमान हवेत जाण्याआधी अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सचिव नेमून झाले. मी प्रयोगशाळेतला, म्हणून सचिव. थर्माकोलच्या पंखाला कुठला रंग द्यायचा यावरसुद्धा सूचक, अनुमोदक आणि चहा. मला या प्रकाराचा मनस्वी वैताग यायचा. तरी एक ठराव मी स्वतःहून मांडला होता: मोठ्या विमानाचं पहिलं उड्डाण फिटरनंच करायचं.

हा फिटर आमच्या पाचांतलाच, वर्कशॉपमधला, माझ्याच वयाचा. रिमोटवरची दोन छोटी विमानं आम्ही सगळ्यांनी मिळून उडवली आणि मिळूनच फोडली होती. हे मोठं त्यानं जवळजवळ एकट्यानं घडवलं. तेवढ्यात त्याला पुण्यात एका कंपनीत काम लागलं. रविवारी दुपारच्या एसटीनं निघायचं होतं, म्हणून उड्डाण सकाळी ठरलं. जाण्याआधी त्याच्या हातून ते एकदा तरी नीट उडावं, असं मला फार वाटत होतं.

सकाळी त्यानं पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललं. नाक किंचित खाली झुकलं, म्हणजे तोल बरोबर होता. मग त्याची बायको पूजेचं ताट घेऊन क्वार्टरमधून आली. आमच्याकडे पूजा केल्याशिवाय बोअरची मोटारही चालू होत नाही, तिथे हे तर विमान. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. आम्ही खोबरं चघळत असताना तिनं विमानाच्या शेपटीला लिंबू-मिरची बांधली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. जीपला बांधतात, नव्या दुकानाला बांधतात. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

विमान सुटलं आणि नाक वर करून चढतच गेलं. मग हवेत थबकलं आणि एका पंखावर कलंडलं. फिटरनं जमिनीजवळ ते कसंबसं सावरलं, तरी छावणीच्या कडेला पोटावर आपटून पुढचा पंखा तुटला. एका गाईनं मान वर केली आणि पुन्हा वैरणीत घातली.

त्यानं विमान परत बोटांवर घेतलं. या वेळी शेपटी खाली बसली. लिंबाकडे बघून तो गालात हसला, पण बायकोचा चेहरा उतरला होता.

"माज्यामुळं पडलं का?"

"न्हाई. वारं होतं."

मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. एरवी प्रत्येक गोष्टीवर खुलासा मागणारे आम्ही चौघं तुटलेला पंखा निरखू लागलो. ती मात्र त्याच्या बोटांकडेच बघत होती. तिनं दोरा सोडला आणि लिंबू-मिरची पदरात धरून उभी राहिली.

दुसरा पंखा बसवून विमान पुन्हा सोडलं. या वेळी ते सरळ गेलं, धुराड्याला वळसा घालून छावणीवरून फिरलं आणि त्याच्या पायाशी अलगद उतरलं. त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. आता पुढचं तुम्ही बघा, एवढंच म्हणाला.

झाडाखाली त्याची बॅग ठेवलेली होती. बायको तिथे गेली, खाली बसली आणि बॅगेच्या बंदाला तीच लिंबू-मिरची दोन गाठी मारून बांधली.

"इमानाला वजन झालं," ती म्हणाली. "तुमाला न्हाई व्हायचं."

लोक हसतील म्हणून गाडीत चढताना तो लिंबू-मिरची काढून टाकेल, अशी माझी खात्री होती. एसटी हलली. खिडकीतून त्यानं हात केला, तेव्हा बॅग त्याच्या मांडीवर होती आणि दुसऱ्या हातानं त्यानं ते लिंबू झाकून धरलं होतं, चेंगरू नये म्हणून.