पाठीवर बांधायचे झगे

गावात तिला सगळे कात्री म्हणत. ती शिंपीण होती हे त्याचं अर्धंच कारण. महिन्याच्या पहिल्या शनिवारी महिला मंडळाच्या बैठकीला ती न चुकता जायची आणि मागच्या खुर्चीवर बसून, कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत, सगळं ऐकून घ्यायची. मंडळाविषयी विचारलं की म्हणायची, "सर्कस बरी. तिथली जनावरं निदान काहीतरी शिकलेली असतात."

अध्यक्ष होती तिची धाकटी जाऊ. तिच्या प्रत्येक वाक्यात 'उपक्रम' हा शब्द हवाच. वृक्षारोपण झालं ते गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. स्वच्छता मोहीम झाली ती सकाळी झाडून लख्ख केलेल्या रस्त्यावर; हातमोजे तेवढे नवे होते. तब्येत ठणठणीत कशी राखावी यावर व्याख्यान ठेवलं, तर वक्ते जिना चढूनच इतके धापा टाकत होते की अर्धा तास त्यांना वारा घालण्यात गेला.

त्या महिन्यात ठरलं, 'ज्येष्ठांची शुश्रूषा'. ज्येष्ठ म्हणजे शाळेच्या जुन्या बाई. तीन महिन्यांपूर्वी पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या. भाची सकाळ-संध्याकाळ येऊन जाई. मंडळातल्या निम्म्या बायका त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

दहा बाय दहाच्या खोलीत चौदा बायका घुसल्या. कपड्यांच्या दोरीवर बॅनर लागला. सफरचंदांची टोपली पुढे झाली.

"बाई, जरा उठून बसता का?" जाऊ म्हणाली. "बॅनरमागे चेहरा झाकला जातोय."

"चेहरा झाकला तरी चालेल. ते अक्षर झाका," बाई म्हणाल्या. "शुश्रूषेतला श्रू दीर्घ. चौथीत सांगितलं होतं."

कात्रीला हसू फुटलं. जाऊने मागे वळून डोळे वटारले. फोटो झाला. कात्री पलंगाजवळ सरकली तेव्हा तिला वास आला. तिने पांघरुणाखाली हात घातला.

"बाई, चादर ओली आहे."

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. "सकाळपासून. भाची येईल संध्याकाळी."

मग काय विचारता! कुणाचं दूध गॅसवर राहिलं होतं, कुणाची लेक यायची होती, कुणाला एकाएकी चक्कर आली. बॅनर मात्र नीट घडी घालून गेला, आणि जाऊ त्याच्याही आधी. मागे उरली पोस्टमनची बायको, जिला बैठकीत कुणी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

दोघींनी मिळून चादर काढली. बाईंचा झगा डोक्यावरून काढताना खांद्यात अडकला आणि बाई कळवळल्या. कात्रीने सरळ पिशवीतली कात्री काढली आणि झगा मागून वरपर्यंत कापला.

"झगा गेला, बाई."

"जाऊ दे गं. जीव राहिला."

घरी जाताना तिने वाटभर मंडळाचा उद्धार केला. पण आपलं घर बाईंपासून दोन गल्ल्यांवर, आणि तीन महिन्यांत आपणही गेलो ते या वऱ्हाडाबरोबरच, हेही तिच्या मनात आलं. तो विचार तिला मुळीच आवडला नाही. तिने मशीन उघडलं आणि पाठीवर नाड्यांनी बांधायचे दोन झगे शिवले. घालायला सोपे, काढायला सोपे.

चार दिवसांत झग्यांची बातमी ऐकून जाऊ दारात. "वहिनी, अहो हा तर उपक्रमच झाला! गावात अंथरुणावर असलेली सहा माणसं आहेत. कार्यशाळा घेऊ या."

"घे. कापड फुकट जाईल, दुसरं काय!"

तसंच झालं. अकरा जणींनी झगे शिवले. एकीने दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकली, एकीच्या झग्यात गळाच नव्हता. कात्री उसवत होती आणि तोंडाने प्रत्येकीची सालं काढत होती.

शेवटचा झगा जाऊचा. कात्रीने तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. शिवण सरळ. नाड्यांची टोकं मुडपलेली. पाठीला टोचू नये म्हणून कापडाच्या कडा आतून दाबलेल्या. हे तर तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

"हे कुठे शिकलीस?"

"आईसाठी शिवायचे. दोन वर्षं पडून होती." जाऊ धाग्याशी चाळा करत होती. "त्या दिवशी बाईंकडे तोच वास आला, वहिनी. माझ्याने थांबवेना."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

कात्रीने नाड्या गुंडाळल्या. तिने झग्याची घडी घातली.

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

"म्हणजे अंगावर घालता येईल." ती उठली. "चल बाईंकडे. घालायला दोन माणसं लागतात."

जाऊने चपला सरकवल्या. वाटभर ती पुढच्या सहा उपक्रमांबद्दल बोलत होती, आणि कात्रीला ते निमूटपणे ऐकावं लागलं.