कालव्याकडे पाठ करून

मृत्यूपुढे सगळे समान असतात, असं तात्यांच्या दशक्रियेला प्रत्येक वक्त्याने ठासून सांगितलं. ऐकणाऱ्यांत पुढच्या रांगेला सोफे होते, त्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शेवटी सतरंजी. मी सतरंजीवर होतो. माइक हातोहात फिरत होता. तात्या वटवृक्ष झाले, मग दीपस्तंभ झाले... सणसरपासून समुद्र बराच लांब आहे, पण दीपस्तंभ आमच्याकडे दर दशक्रियेला लागतो.

तात्या माझे चुलते. बातमी त्यांच्या मुलाने, विलासने, फोनवर दिली. विलास बारामतीत डॉक्टर आहे. “तात्या गेले. जेवून पडले होते, उठलेच नाहीत,” एवढं सांगून तो जरा तक्रारीच्या सुरात म्हणाला, “गेल्या महिन्याचे रिपोर्ट सगळे नॉर्मल होते रे.” नव्वदीला टेकलेल्या माणसाबद्दल तो बोलत होता.

नॉर्मल रिपोर्ट हेच बापलेकांतलं जुनं भांडण. तात्यांच्या तपासण्या चांगल्या आल्या की विलास लॅब बदलायचा. तात्या म्हातारे नव्हते असं नाही. एका कानाने ऐकू येत नव्हतं, दाढा गेल्या होत्या, सायकलवर बसायला दगडाचा आधार लागायचा. “म्हातारं व्हायला माझी ना न्हाय,” ते म्हणायचे, “पर आजारी नसताना आजाऱ्यावानी निजवू नगा.” निरोगीपणाचं रहस्य विचारायला लोक त्यांच्या शेतातल्या वस्तीवर यायचे. तात्या एकाला मेथीदाणे सांगायचे, दुसऱ्याला कडुनिंब. निम्म्या गावाची तोंडं त्यांनी कडू करून ठेवली होती. मी एकदा खरं काय ते विचारलं, तेव्हा म्हणाले, “मला काय ठावं? तुझा बाप बी एकाच ताटात माझ्याबरूबर हेच जेवला. त्यो साठीच्या आत गेला... ह्यात माझी कसली हुशारी?” आरोग्यावर याहून प्रामाणिक व्याख्यान मी ऐकलेलं नाही.

काकू गेल्या आणि विलासने धोशा लावला. म्हशी विका, वस्तीला कुलूप घाला, बारामतीला चला. म्हशींना गिऱ्हाईकही बघून ठेवलं. तात्यांनी माझ्यादेखत अट घातली. “कॅनॉलला पाणी सुटलं की ह्या काठावरनं त्या काठाला पवत जातो. मदी कुणाचा हात लागला, तर त्याच सांच्याला बारामती. न्हाय लागला, तर पुन्यांदा विषय न्हाय.” तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. विलासला वाटलं, म्हातारा पाणी बघून माघार घेईल. तो हो म्हणाला.

आमच्याकडे सत्काराशिवाय काहीच होऊ शकत नाही. सरपंचांना कुणकुण लागली आणि कालव्याच्या काठावर मंडप पडला. व्यासपीठ रस्त्याच्या बाजूला, कारण पाहुण्यांची गाडी तिथवर आली पाहिजे. खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून. मागून ऊन येतं म्हणून मागे कनात बांधली. म्हणजे जे बघायला गाव जमलं होतं, त्या कालव्याकडे गावाची पाठ, आणि मध्ये कापड. ही चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. मंडपात दुसरीकडे बघायची आम्हाला सवय नाही.

प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि ‘आयुष्याची संध्याकाळ’ या विषयावर बोलू लागले. ज्येष्ठांनी आता आराम करावा, नातवंडांत रमावं... तात्या शाल-फेट्यात बसून होते. मध्येच उठले. म्हातारा माणूस उठला म्हणजे लघवीलाच, या समजुतीने कुणी अडवलं नाही. मी शेवटच्या रांगेत होतो. माझ्या मांडीवर फेटा ठेवून ते म्हणाले, “धर. ह्येंचं संपंस्तवर पानी बंद व्हईल.” कनातीखालून वाकून बाहेर गेले, मी मागोमाग. ‘पोहण्यास सक्त मनाई’ या पाटीवर शाल, सदरा, धोतर टांगलं आणि लंगोटीवर पाण्यात उतरले. पाण्याला ओढ होती. डोकं तिरपं वाहत गेलं, एकदा दिसेनासं झालं... मग बरंच खाली, पलीकडच्या काठाचं गवत धरून तात्या वर आले. आत टाळ्या वाजल्या. त्या पाहुण्यांसाठी होत्या.

मी विलासला पुढच्या रांगेतल्या सोफ्यावरून उठवून आणलं. बाप पलीकडच्या काठावर दिसत होता, पण हट्ट बापाचाच. पलीकडे ओरडला, “मी बघितलं नाही! मी धरत नाही हे!”

तात्या पलीकडच्या काठाने वर चालत येत होते. “मग आता बघ की डाक्टर! कनात सोड आन् खुर्च्या फिरव!”

खुर्च्या फिरल्या. पहिली रांग शेवटची झाली आणि पाहुणे माइकसह सगळ्यांच्या मागे राहिले. तात्या पुन्हा पाण्यात उतरले. परतताना मध्यावर त्यांचे हात मंदावले. विलास बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरला.

“मागं हो!” तात्या पाणी थुंकत ओरडले. “हात लागंल!”

तो मागे झाला. तात्या काठाला आले, दगडाला धरून दम खात राहिले. त्यांना वर ओढून घ्यायला शंभर हात शिवशिवत होते, पण सगळ्या गावाने हात पाठीमागे बांधले होते. राष्ट्रगीताला आम्ही इतके सरळ उभे राहत नाही. ते आपले आपण वर आले. विलासने गाडीतून यंत्र आणून त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. नॉर्मल.

विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतरची सगळी वर्षं तात्या वस्तीवरच राहिले, धार काढत, लोकांना मेथी खायला लावत. लोक याला नशीब म्हणतात, आणि ते असेलही. पण नशिबाने दिलेलं तब्येतीचं दान खाटेवर पडून वाया घालवायचं त्यांनी नाकारलं, एवढं श्रेय मी त्यांना देतो. वटवृक्ष वगैरे नाही.

परवा विलासकडे गेलो होतो. त्याने मला तळमजल्यावरची खोली दाखवली. तात्यांसाठी त्याने ती काकू गेल्या तेव्हाच तयार करून घेतली होती. बुटकी खाट, उशाशी घंटी, न्हाणीघरात धरायला स्टीलच्या दांड्या. तात्यांनी उंबरा कधी ओलांडला नाही, तरी घरात सगळे तिला तात्यांचीच खोली म्हणतात. विलासचे दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. गेल्या आठवड्यापासून तोच तिथे झोपतो.