विनावेतन

आभा लघाटे वीसहून जास्त वर्षं लोकांजवळ बसायचं काम करत आली आहे. उत्तरेतल्या एका शहरात, सिविल लाइंस भागातल्या एका छोट्या संस्थेत ती समुपदेशक आहे. मार खाल्लेली बाई, घर सोडून निघालेली मुलगी, कुणाशीच न बोलणारा म्हातारा, अशांच्या शेजारी ती बसते आणि वाट पाहते. तिचं म्हणणं असं, की माणूस पहिली वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलतं. खरं ते त्यानंतर येतं, आणि हळू आवाजात येतं.

बडा बाज़ारातल्या शेजाऱ्यांना विचारलं तर ते सांगत, लघाट्यांची सून समाजसेवा करते. पगाराचं कुणी बोलत नसे. सासरे मार्तंडराव कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे कागद ठेवणारे कारकून होते, घराणं पूजाअर्चेचं. सून नोकरी करते हे सांगणं त्यांना जड गेलं, म्हणून लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी भाऊबंदांना सांगून टाकलं, ती सेवा करते, काही घेत नाही. आभानं ते कधी खोडून काढलं नाही. पगार येत राहिला आणि त्यातून किराणाही.

२०२०च्या मे महिन्यात सुरतेहून, मुंबईहून परतलेले मजूर जवळच्या मोठ नावाच्या गावातल्या एका शाळेत चौदा दिवसांसाठी ठेवले होते. तिथल्या आरोग्यसेविका आशाताईंचा फोन आला. देविका नावाची एकोणीस वर्षांची बाई जेवत नाही, मनगटं पदराखाली झाकून बसते, नवरा तिच्याजवळून क्षणभर हलत नाही.

आभा स्कूटीवरून गेली. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "मैडम, किट के बिना अंदर नहीं."

देविका व्हरांड्यात आली. मध्ये पंधरा फूट अंगण होतं, आणि तिच्यामागे नवरा.

"देविका, कैसी हो?" आभाला ओरडून विचारावं लागलं.

"ठीक हूँ, दीदी."

"खाना खा रही हो?"

"अरे दीदी," नवरा हसत म्हणाला, "इसको क्या होना है, बैठे-बैठे मुटा रही है." बसून बसून जाडी होतेय म्हटल्यावर खिडक्यांतली माणसंही हसली. देविकाही हसली.

पंधरा फुटांवरून विचारता येण्यासारखं आणखी काही नव्हतं. देविकाचे सहा दिवस उरले होते. सातव्या दिवशी नवरा तिला नदीपलीकडच्या त्याच्या गावी नेणार होता. तिथे ना बस जात होती, ना फोन लागत होता.

अंगभर घालायचं संरक्षक किट आणि मास्क मिळायचे ते अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्या यादीत असलेल्यांना. संस्थेच्या प्रमुख भोपाळमध्ये अडकल्या होत्या, त्यामुळे ज्यानं त्यानं आपापला अर्ज द्यायचा होता. मार्तंडरावांचे अर्ज कोर्टात नावाजलेले. त्यांनी हौसेनं लिहायला घेतला. आभा दमून आली होती. तिनं न वाचता सही केली.

पाचव्या दिवशी ती यादी करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेली. टेबलावर सुमेध होता, रेल्वेतल्या एका मराठी कुटुंबातला, ओळखीचा.

"आभाताई, तुमचं नाव स्वयंसेवकांत आहे. जेवणाची पाकिटं वाटू शकता."

"आणि किट?"

"स्वयंसेवकांना नाही. आपल्या मर्जीनं येतात, तर घरीही बसू शकतात. असं वरून म्हणतात, मी नाही."

"सुमेध भैया, मी स्वयंसेवक नाहीये."

त्यानं अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिसऱ्या ओळीत वळणदार अक्षरात होतं: प्रार्थिनी विगत उन्नीस वर्षों से बिना किसी वेतन के, निःस्वार्थ भाव से...

"अक्षर फार सुंदर आहे," सुमेध म्हणाला.

घरी मार्तंडराव झोपाळ्यावर बसले होते. आभानं कागद त्यांच्या हातात दिला.

"चांगला लिहिला होता मी."

"चांगलाच आहे, मामंजी. फक्त खोटा आहे."

झोपाळा थांबला. "सगळ्यांना हेच सांगत आलो."

"आणि मीही गप्प बसले."

"आता खरं लिहिलं तर तो सुमेध वाचेल. त्याची आई वाचेल. मग गणेश मंडळात..."

"मंडळ बंद आहे, मामंजी. लॉकडाऊन आहे."

ते किंचित हसले. मग म्हणाले, "पोरीला कधी नेणार म्हणालीस?"

"परवा."

त्यांनी कोरा कागद मागितला. "पदनाम?"

"परामर्शदाता."

"वेतन?"

तिनं आकडा सांगितला. तो त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

"इतकंच?"

"इतकंच."

त्यांनी लेखणी टेकवली. वेतनभोगी, म्हणजे पगारी, हा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. या खेपेला आभानं सगळं वाचलं, मग सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाव यादीत गेलं. किट पुरुषाच्या मापाचं होतं. पायाशी तिनं ते दोरीनं बांधलं. फाटकावर तोच शिपाई होता. देविकाचा नवरा पुढे आला तसा शिपाई त्याच्यावर खेकसला, "पीछे हटो, दिखता नहीं, ड्यूटी पर हैं!"

वर्गात देविका फळ्याखाली बसली होती. आभा अंतर ठेवून, पण शेजारीच बसली.

"आप वही गेट वाली दीदी हो?"

"वही."

देविका सुरतेच्या उकाड्याबद्दल बोलली, गिरणीबद्दल, तिथल्या पाण्याबद्दल. किटच्या आत घाम पाठीवरून ओघळत होता. वीस मिनिटं झाली, तीस झाली. चाळिसाव्या मिनिटाला देविकानं दाराकडे पाहिलं आणि पदर मनगटावरून मागे घेतला. मग ती बोलू लागली, इतकं हळू, की आभाला पुढे वाकावं लागलं.

सुटकेच्या दिवशी देविका नवऱ्याबरोबर गेली नाही. आभाच्या फोनवरून तिचा भाऊ प्रवासाचा परवाना घेऊन आला आणि तिला माहेरी घेऊन गेला.

त्या महिनाअखेर संस्थेतले आणखी सात जण यादीत आले. सातही अर्ज मार्तंडरावांच्या हातचे होते. मजकूर एकच, वेतनभोगी शब्दाखाली रेघ. आकड्याची जागा त्यांनी मोकळी सोडली होती, ज्याची त्यानं भरावी म्हणून.